नवसाचा डबा

माणसानं कवाच खोटं बोलू नये असं मी म्हणत न्हाई. मी बी बोलते. अर्ध्या तिकिटासाठी एसटीच्या कंडक्टरला वय वाढवून सांगितलेलं हाय, भावजयीच्या पाणचट वरणाला झकास म्हणलेलं हाय. पण नवसाच्या नावानं खोटं बोलू नये. पिराचं नाव घेऊन माणसाला घास घालायचा आन् पोटात दुसरंच ठेवायचं, ह्याला केसानं गळा कापणं म्हणतात. आन् माझा गळा कापला कुणी, तर ज्या दोघींच्या भरवशावर मी सव्वीस वरसं काढली त्यांनीच. एक माझी नात वर्षाराणी, दुसरी समोरच्या घरातली सबिहा मनियार.

मी केवळाबाई. अहमदपुरात माझ्या धाकट्या भावाच्या, भुजंगच्या घरामागच्या खोलीत राहते. मूळची मी किल्लारीकडची. भूकंपात आमचं घर बसलं तवा मी चाळीशी ओलांडलेली. माझा पाय चौकटीखाली सापडला हुता. वर्षाराणी झोळीत हुती आन् त्या कोपऱ्यातलं छपराचं आडं तेवढं पडलं न्हाई, म्हून ती वाचली. आम्हा दोघींना मिलिटरीच्या पोरांनी वर काढलं. माझे मालक, माझा लेक सुदर्शन, सून रुद्राणी कुठं हायत असं विचारलं की जो तो म्हणायचा, सोलापूरच्या दवाखान्यात हायत, बरं हाय त्यांचं. भुजंग मला जीपमधी घालून अहमदपूरला घेऊन आला आन् त्यानं बी तेच लावून धरलं.

मी खुळी, धरून चालले. बायका ताट ठेवायच्या आन् तोंड फिरवायच्या. मला वाटायचं, माझा पाय बघून त्यांना वाईट वाटून राहिलंय. मातीत माझ्या बांगड्या फुटल्या हुत्या. नवरा दवाखान्यात आन् बायकोचे हात मोकळे, हे बरं न्हाई म्हून मीच भुजंगला म्हणलं, बांगडीवालीला बोलव. समोरची सबिहा टोपली घेऊन आली. तिनं हिरवा चुडा काढला, माझा हात हातात घेतला, बांगडीवाल्या दाबतात तसा दाबून मऊ केला. भुजंग दारात उभा राहून तिला डोळ्यानं खुणावून राहिला हुता, भर म्हून. ते मला मागून कळलं. सबिहानं बांगडी परत टोपलीत ठेवली.

"आक्का," ती म्हणली, "माझ्याच्यानं ह्या हातात बांगडी भरवत न्हाई. तुमचे मालक गेले. पोरगं गेलं, सून बी गेली. माती बी झाली. हे समदे तुमच्यापासून लपवून राहिलेत."

भुजंग तिच्या अंगावर धावून गेला. ती जागची हलली न्हाई. माझा हात तिनं तसाच धरून ठेवला हुता.

अख्ख्या गल्लीत एकच माणूस माझ्याशी खरं बोललं, आन् ते माझ्या जातीचं न्हाई, नात्याचं न्हाई. त्या दिवसापासून सबिहा माझी झाली आन् मी तिची. वर्षाराणी बोलायला लागली तवापासून तिला मी एकच शिकवलं, की दूध सांडलं तर सांग, पाटी फोडली तर सांग, नापास झाली तर सांग. मी मारणार न्हाई. पण माझ्यापासून कायबी लपवायचं न्हाई. एकदा लोकांनी माझ्यापासून तीन माणसांची मौत लपवली हाय, आता मला कुणाचं लपवाछपवीचं प्रेम नगं.

सबिहाच्या आन् माझ्या घरात डब्यांची ये-जा चालायची. मी मटण-अंडं खात न्हाई म्हून तिनं माझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवलेलं. आमच्यात दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत न्हाईत. कायतरी घालायचं. शेंगदाणे घाला, गुळाचा खडा घाला, कायच न्हाई तर चिमूटभर साखर घाला. रिकामा डबा म्हंजे संबंध सरला. सव्वीस वरसांत तिच्याकडून माझ्याकडं कवा रिकामा डबा आला न्हाई आन् माझ्याकडून तिच्याकडं गेला न्हाई.

वर्षाराणी हुशार निघाली. भूकंपाच्या मागून लातुरात जे क्लासचं पीक आलं, त्यात मी बी तिला घातली. खोलीत चार पोरी, खानावळीचा डबा, पहाटेपासून क्लास. डॉक्टरकीला नंबर लागला न्हाई. तिनं ते घरी आल्या आल्या दारातच सांगितलं, चप्पल काढायच्या आधी. मला तिचा अभिमान वाटला. मग तिनं आहाराचं शिक्षण घेतलं आन् नांदेडला एका दवाखान्यात लागली. तिथं मोठे डॉक्टर म्हाताऱ्या माणसांच्या खाण्यापिण्याचा अभ्यास करून राहिले हुते. कुणी काय खातं, कुणाच्या अंगात किती ताकद हाय, असलं.

गेल्या साली दिवाळीच्या मागून ती मला म्हणली, "माय, तू बी चल. निरोगी म्हातारपणाचा अभ्यास आहे. तुझ्यासारखी धडधाकट म्हातारी कुठं मिळणार?" ती मला मायच म्हणती, दुसरी माय तिला ठाऊकच न्हाई.

खरं म्हंजे मला तवा बरं वाटत नव्हतं. पाय सुजायचे, अंग खाजायचं, चार पायऱ्या चढले की बसावं वाटायचं. नांदेडला त्यांनी रक्त घेतलं, पोटावर थंडगार मलम लावून मशीन फिरवलं. हातात एक मुठीचं यंत्र दिलं आन् म्हणले, जोर लावून दाबा. काटा जरासाच हलला. मला लाजच वाटली, जात्यावर पायली-पायली दळलेला हात हा. मग वर्षाराणीनं पुढं केलेल्या कागदावर मी सही केली. वाचली न्हाई. नातीनं दिलेला कागद कुणी वाचत बसतं का?

येताना बसमधी मी तिला सरळ विचारलं, "काय निघालं?"

"काय न्हाई. वय झालं म्हणून पाय सुजतात. तू शंभरी गाठतीस."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग."

तिनं हात ठेवला. बसमधी, लोकांदेखत. आन् म्हणली, कायच न्हाई.

मग काय, मोंढ्यापासून एसटी स्टँडपत्तर मी सांगत सुटले, नांदेडच्या डॉक्टरांनी माझी निरोगी म्हातारी म्हून निवड केली. भुजंगला चिडवलं, बघ, तू धाकटा असून काठी धरलीस. तो गप हसला. आता आठवतं, त्या हसण्यात कायतरी हुतं.

त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला सबिहा डबा घेऊन आली. तिचा नातू अमान, तिच्या लेकाचा, आसिफचा पोरगा, लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला हुता. ओसरीवर बसून म्हणली, "आक्का, कंधारच्या दर्ग्याला नवस बोलले मी. अमानचा निकाल लागंपत्तर रोज एका हिंदू म्हातारीला निजायच्या आधी पोटभर खाऊ घालीन. एक बी रोज चुकवायचा न्हाई. आता मी दुसरी म्हातारी कुठं हुडकू?"

मी म्हणलं, "म्हातारी कुणाला म्हणतीस?" पण डबा घेतला. नवसाच्या घासाला न्हाई म्हणायचं नसतं. आन् अमान माझ्या बी मांडीवर वाढलेला.

तवापासून रोज डबा. कवा मुगाची घट्ट खिचडी आन् दही, कवा डाळव्याचे लाडू आन् दूध, कवा पनीर टाकलेली भाजी. मीठ मात्र नावाला. मी म्हणलं, "सबिहा, तुझ्या हाताची चव गेली. मीठ कुठं हाय?" ती म्हणली, "नवसाच्या खाण्यात मीठ कमीच घालतात." मी ते बी खरं मानलं. एकादशीला मी म्हणलं, आज उपास हाय. तर म्हणली, "मग नवस मोडला म्हणायचा." मी एकादशी सोडली. जन्मभर केलेली एकादशी, त्या पोरापायी सोडली. जेवण झाल्यावर वरून आणखी खायचं, पोट नगं म्हणायचं, कवा मळमळायचं. अमानचं नाव घेऊन गिळायचे. रमजान आला तवा सबिहा दिवसभर उपाशी राहायची, पण रोजा सुटला की माझा डबा आधी. मला भरून यायचं. मनात म्हणायची, माणूस असावं तर असं.

एक रोज मात्र चुकला. माझी मावसबहीण नीलम्मा बिलोलीला असती, तिचे मालक मडिवाळप्पा वारले म्हून मी मातीला गेले. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई. कुणी खात न्हाई, मी बी सबिहानं बरोबर बांधून दिलेले लाडू खाल्ले न्हाईत. मनाला चुटपुट लागली, पण सबिहाला सांगितलं न्हाई. म्हणलं, उगं तिच्या जीवाला घोर.

ईदच्या दिवशीच निकाल लागला. मी शिरखुर्मा खायला गेले तर घरात सामसूम. आसिफ पलंगावर आडवा. अमानला मार्क पडले हुते, पण नंबर लागण्याजोगे न्हाई. पोरगं भिंतीकडं तोंड करून बसलेलं. सबिहानं मला वाटी दिली, वाटीतला चमचा तिच्याच हातात राहिला. मी वाटी तशीच खाली ठेवली. डोक्यात एकच आलं. बिलोलीचा तो रोज. पोराची दोन सालं माझ्यामुळं मातीत गेली.

दुसऱ्या दिवशी सबिहा परत डबा घेऊन आली. मी म्हणलं, निकाल लागला, नवस सरला. ती जरा अडखळली, मग म्हणली, "अमान परत बसणार हाय. मी नवस पुढं वाढवला." मला आणखीच मेल्यासारखं झालं. ही बाई माझ्यावर भरवसा टाकून राहिली आन् मीच तिचा नवस मोडलेला. मी ठरवलं, येणाऱ्या जुम्मेरातीला, म्हंजे गुरुवारी, कंधारला जायचं, पिरापुढं नाक घासायचं, आन् तवर अन्नाला शिवायचं न्हाई. डबा घ्यायची, गाईला घालायची, घासूनपुसून शेंगदाणे घालून परत द्यायची. चहा-पाण्यावर राहिले. एरवी वर्षाराणी दर रविवारी ते मुठीचं यंत्र घेऊन यायची, त्या रविवारी आली न्हाई, तिचं अभ्यासाचं काम हुतं म्हणे.

जुम्मेरातीला सकाळच्या गाडीनं गेले. पाऊस अजून लांब, ऊन नुसतं भाजून राहिलं हुतं. दर्ग्यात गर्दी. मी फुलं वाहिली, उंबऱ्याला डोकं लावलं आन् म्हणलं, बाबा, चूक माझी हाय, सबिहाची न्हाई. त्या पोराला शिक्षा देऊ नगा. काय करायचं ते माझं करा. असं म्हणून उठले आन् जमीन हलली. मला वाटलं, परत भूकंप झाला. मी वरडले, पळा, लेकरं बाहेर काढा. लोक माझ्याकडं बघून राहिले, बाकी कायबी हलत नव्हतं. पुढचं मला आठवत न्हाई.

शुद्धीवर आले ती नांदेडच्या दवाखान्यात. आधी दोन दिवस म्हणे मी भलतंच बडबडत हुते. वर्षाराणीला रुद्राणी म्हणून हाका मारत हुते, सोलापूरचा पत्ता विचारत हुते, उपासाचं बी त्यातच बोलून गेले. डोकं जागेवर आलं त्या सकाळी एक तरुण डॉक्टर फेरीला आला. वर्षाराणी माझ्या उशाशी वाटी-चमचा घेऊन बसलेली.

डॉक्टर म्हणला, "आजी, तुम्हाला लिव्हरचा सिरॉसिस आहे, आणि तुम्ही आठवडाभर उपाशी राहिलात? तुमच्यासारख्या पेशंटांनी एक रात्रसुद्धा उपाशी झोपायचं नसतं. लिव्हरला ताकद साठवून ठेवता येत नाही, मग शरीर आपलंच मांस खातं. तुमची नातच हे सगळ्यांना समजावून सांगते. तुम्हाला नाही का सांगितलं?"

मी म्हणलं, "कुणाचं लिव्हर?"

डॉक्टरनं वर्षाराणीकडं बघितलं. वर्षाराणीनं वाटीकडं बघितलं. तेवढ्यात मला समदं कळलं. कळायला मला डॉक्टरकीचा क्लास लावायची गरज नव्हती.

डॉक्टर भला माणूस हुता. खुर्ची ओढून बसला. मी म्हणलं, मी दारूला कवा शिवले न्हाई, मला कसं होईल? तो म्हणला, दारू न पिता बी हुतं, वरसानुवरसं लिव्हरवर चरबी साठत जाती, कुणाला साखरेचा आजार असतो, कुणाला काय. दिवाळीच्या मागून तपासलं तवाच कळलं हुतं. त्यांच्या अभ्यासात दोन तऱ्हेची म्हातारी माणसं हुती, एक निरोगी आन् एक लिव्हरची. मी दुसऱ्यांतली. निजायच्या आधीचं खाणं, दही, पनीर, डाळी हे सगळं औषधासारखं लिहून दिलेलं. मीठ कमी, ते पायाच्या सुजेसाठी. तो सांगून राहिला आन् माझ्या डोळ्यापुढं एकेक डबा उघडत गेला.

तो गेल्यावर मी म्हणलं, "वर्षे, वाटी खाली ठेव आन् बोल."

ती रडायला लागली. मी म्हणलं, रडणं मागून.

"सर म्हणत होते, पेशंटला सांगूनच अभ्यासात घ्यायचं," ती म्हणली. "मी त्यांना सांगितलं, मायला सगळं माहीत आहे."

"म्हंजे त्यांच्याशी बी खोटं."

"हाव."

"आन् माझ्या डोक्यावर हात ठेवलास तो?"

"माय, सगळ्या घरांत असंच करतात. म्हाताऱ्या माणसाला सांगत न्हाईत. तुला कळलं असतं तर तू खाणंपिणं सोडलं असतंस."

"आन् न कळल्यानं मी काय केलं?"

तिनं माझ्या अंगावरची चादर सारखी केली.

"नवस कुणाच्या डोक्यातला?"

"सबिहाआजीच्या. मी तिला फक्त खाणं समजावून सांगितलं. ती म्हणली, डॉक्टरनं सांगितलंय म्हणलं तर आक्का एकादशी काढंल, प्रदोष काढंल. नवस म्हणलं तर न्हाई म्हणायची न्हाई." मग डोळे पुसून म्हणली, आन् आवाज जरा उजळला तिचा, "माय, आमच्या अभ्यासात रात्रीचं खाणं कुणीच धड पाळत न्हाई. तू पाळलंस. मार्च महिन्यात तुझ्या हाताची पकड सगळ्यांत जास्त वाढली होती. सरांनी सगळ्यांना सांगितलं, ह्या आजींचं बघा."

हे ऐकून मला जे लागलं ते आधीच्या कशानं लागलं न्हाई. पोरगी फुशारकी मारून राहिली हुती. मी रोज मळमळ गिळून, देव सोडून, त्या लेकराचं नाव घेत खाल्लं, आन् तिथं कुणीतरी काटा बघून खूष झालं. भुजंगला ठाऊक हुतं, आसिफला ठाऊक हुतं, भावजयीला ठाऊक हुतं. अख्ख्या गल्लीत मी छाती काढून निरोगी म्हून हिंडले आन् लोक माझी कीव करून राहिले. तवा बी ताट ठेवून तोंड फिरवायचे, आत्ता बी तेच. कुंपणानंच शेत खाल्लं, आता ओरडायचं कुणाच्या नावानं?

"किती वरसं?" मी विचारलं.

"तसं सांगता येत न्हाई."

"वर्षे."

"नीट खाल्लंस, उपास केले न्हाईस, तर पाच-सात वर्षं. जास्त बी. न्हाई तर... न्हाई तर परत असंच."

पहिल्यांदा ती माझ्याशी माझ्याबद्दल खरं बोलली. मी वाटी घेतली आन् स्वतःच्या हातानं खाल्लं. तिला भरवू दिलं न्हाई.

दवाखान्यात सबिहा आली हुती. मी कूस बदलली. ती पायथ्याशी बसली आन् निघून गेली.

घरी आल्यावर ती दोन दिवस आली न्हाई. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आली, हातात डबा. ओसरीवर न बसता दारातच उभी राहिली. एवढ्या वरसांत ती माझ्या दारात कवा परवानगीसाठी थांबली नव्हती.

"ये," मी म्हणलं. "आज कुणाचा नवस हाय?"

"बोला आक्का. काय बोलायचं ते बोला."

"मी काय बोलू? सबिहा, सगळ्यांचं मी समजू शकते. भुजंग तवा बी खोटं बोलला हुता. वर्षी लेकरू हाय. पण तू? तू एकटीच हुतीस. माझा ह्या जगावरचा भरवसा तुझ्या त्या एका वाक्यावर उभा हुता. आन् तू पिराच्या नावानं फसवलंस. मी त्या पोराचं वाटोळं केलं म्हून आठवडाभर आतल्या आत मेले, ठाऊक हाय तुला? मी बाबाला म्हणलं, पोराच्या बदली मला न्या."

ती खाली बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणली, "आक्का, तवा मी खरं बोलले. तुम्हाला तेवढंच आठवतं. त्याच्या चौथ्या दिवशी मागच्या विहिरीवरून तुम्हाला कुणी ओढून आणलं ते आठवतं का?"

ते खरं हाय. ते मी कुणाला सांगत न्हाई. विहिरीच्या काठावर मी हुते, तिनं मला कमरेला धरून ओढलं, दोघी चिखलात पडलो. माझ्या दंडावर तिच्या नखांचे वळ किती दिवस हुते.

"त्या दिवशी मी कसम खाल्ली," सबिहा म्हणली. "माझ्या तोंडून ह्या बाईला परत मौतीची खबर द्यायची न्हाई. वर्षाराणीनं सांगितलं तवा मला ती विहीरच दिसली. मी काय करू, आक्का? मला दुसरं कायच सुचलं न्हाई."

बाहेर मोटारसायकली चाललेल्या, क्लासची पोरं घरी जाऊन राहिलेली. शेवटी मी म्हणलं, "विहिरीतून तू मला वर काढलंस, आन् मी तुझ्या भरवशावर परत जगले. तुला ते कळलं न्हाई. तुला वाटलं, खऱ्यानं मी विहिरीवर गेले. अगं, खऱ्यानं मी परत आले."

ती रडली. मी बी रडले, पण तिच्या गळ्यात पडून न्हाई. आपापल्या जागी बसून.

मग तिनं डबा पुढं सरकवला. माझ्याकडं सरळ बघून म्हणली, "नवस न्हाई. कायबी न्हाई. लिव्हर खराब झालंय तुमचं. न्हाई खाल्लं तर मरशाल. खा."

झाकण उघडलं. मुगाची खिचडी, वर दही. मीठ तसंच, नावाला. मी तिच्यासमोर सगळी खाल्ली. ती बघत राहिली. मग मी मोरीवर जाऊन डबा घासला, फडक्यानं कोरडा केला. साखरेची बरणी डोक्याशेजारच्या फळीवर हुती. मी झाकण लावलं आन् डबा तिच्या हातात दिला.

तिला वजनावरूनच कळलं असणार. तरी तिनं झाकण काढून आत बघितलं. परत लावलं. आन् रस्ता ओलांडून घरी गेली.

ती रोज येती. वर्षाराणी बी दर रविवारी येती आन् ते मुठीचं यंत्र घेऊन येती. काटा परत वर चढून राहिलाय, ती तोंडावर आकडा सांगती, चांगला असो का वाईट. मी रोज खाते, कारण मला जगायचं हाय. डबा घासते, पुसते आन् रिकामा देते. सबिहा रोज झाकण उघडून बघती आन् दुसऱ्या दिवशी परत भरून आणती. पाच-सात वरसं हायत म्हणे माझ्याकडं. साखर फळीवरच हाय, हात पुरतो. अजून हात गेला न्हाई.